दोन बोटं आणि एक फूल

पाटणचा पाऊस ज्यांनी पत्र्याखाली बसून ऐकलाय, त्यांना मी काय सांगतोय ते लगेच कळेल. १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतर आमच्या शाळेच्या मागच्या अंगाला पत्र्याची शेड उभी राहिली आणि तीच पुढे आमचा चित्रकलेचा वर्ग झाली. जुलै-ऑगस्टात तिथे शेजारच्या मुलाचं बोलणंही ऐकू येत नसे. बाकीचे तास पावसाने बंद पडायचे, चित्रकलेचा कधी पडला नाही. सर पिशवीतून एक फूल काढायचे, उजव्या हाताने ते उंच धरायचे आणि डाव्या हाताची दोन बोटं दाखवायचे. दोन मिनिटं! तेवढ्यात ते फूल कागदावर उतरलं पाहिजे.

खोडरबरं आधीच बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात जमा झालेली असत. ती तास संपल्यावर परत मिळायची. पहिले काही दिवस आम्ही नुसते घाबरून बसायचो. रेघ चुकली तर पुसायची कशाने? सरांचं उत्तर ठरलेलं होतं, पावसात ते फळ्यावर लिहून दाखवायचे : ‘चुकलेली राहू दे. शेजारी बरोबर काढ.’

सर फूल घेऊन बाकांमधून सावकाश फिरायचे. त्यामुळे ज्याच्या वाट्याला जी बाजू येईल ती काढायची. आठवीत माझ्या वाट्याला पहिल्यांदा आली ती जास्वंदीची पाठ. आमच्या परसात जास्वंद होती, आजीच्या पूजेसाठी मी रोज ती फुलं तोडून आणायचो. तरीही पाकळ्यांच्या मागे जो हिरवा पेला असतो, त्याच्याखाली बारीक हिरव्या पट्ट्यांचं आणखी एक कडं असतं, हे त्या दिवसापर्यंत मी पाहिलेलं नव्हतं. घरी गेल्यावर पुन्हा एक फूल उलटं करून खात्री केली. आजीला दाखवलं. तिनेही ते पहिल्यांदाच पाहिलं.

सरांची रीत ज्यांना आठवत नसेल, त्यांच्यासाठी ती शाळेच्या या स्मरणिकेत नीट लिहून ठेवतो. कुठेतरी ती नोंदली जावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. पेन्सिल २बी, ब्लेडने तासलेली, शिसं बोटाच्या पेराएवढं लांब. शार्पनर चालायचा नाही, कारण आडव्या शिशाने सावली भरता आली पाहिजे. पेन्सिल मागच्या टोकाकडे धरायची आणि हात कोपरापासून हलवायचा. सगळ्यात आधी देठाचा कल, एकाच रेघेत. मग फुलाचं तोंड. ते सरळ आपल्याकडे वळलेलं असेल तर गोल, तिरपं असेल तर अंडाकृती. बहुतेक मुलं इथेच चुकायची, फूल तिरपं असलं तरी गोल काढायची. मग मध्य, आणि मध्यातून बाहेर पाकळ्या.

तगरीसारखं पांढरं फूल असेल तर त्याला हातच लावायचा नाही, मागच्या पानांचा काळोख भरायचा. काळोख पुरेसा झाला की पांढरं फूल आपोआप पुढे येतं. तगरीच्या पाचही पाकळ्या एकाच दिशेला पिळलेल्या असतात, भिरभिऱ्यासारख्या. ती दिशा पहिल्या नजरेत पकडली तर फूल अर्ध्या मिनिटात होतं, नाहीतर तासभर बसूनही होत नाही. झेंडूची एकेक पाकळी मोजत बसायचं नाही. आपण ज्याला झेंडूचं एक फूल म्हणतो तो मुळात अनेक चिमुकल्या फुलांचा गुच्छ असतो. त्याची कड आणि सावलीची बाजू तेवढी धरायची.

श्रावणात सर एकदा कुंपणावरची कळलावी घेऊन आले. तिच्या कंदाला आणि पानांना हात लावू दिला नाही, ती विषारी. कळलावीच्या सहाही पाकळ्या ज्योतीसारख्या मागे उलटलेल्या, कडा नागमोडी, केसर बाहेर पसरलेले, आणि मधली काडी एकदम काटकोनात एका बाजूला वळलेली. दोन मिनिटांत ती कोणालाच जमली नाही. सरांनी चार बोटं दाखवली. तरीही जमली नाही. मग मात्र त्यांनी फूल टेबलावर ठेवलं आणि उरलेला सगळा तास आम्ही तिला नुसतं बघत बसलो. पत्र्यावर पाऊस आणि शेडमध्ये चाळीस-पंचेचाळीस मुलं एका फुलाकडे बघतायत. इतकी शांतता मी नंतर कुठल्या देवळातही अनुभवली नाही.

एलिमेंटरीला मला सी ग्रेड मिळाली, इंटरमिजिएटला मी बसलोच नाही. दहावीनंतर आय.टी.आय. केलं आणि १९८२ मध्ये पुण्याजवळ दापोडीला एस.टी.च्या कार्यशाळेत फिटर म्हणून लागलो. तिथला आवाज पाटणच्या पावसासारखाच, फक्त बारा महिने. जेवणाच्या सुट्टीत डबा संपला की माझ्याकडे दहा-बारा मिनिटं उरत. रद्दीतल्या जॉबकार्डाची मागची कोरी बाजू आणि खिशातली पेन्सिल एवढं पुरायचं. भिंतीकडेला ऑइलच्या रिकाम्या डब्यांत कोणीतरी सदाफुली लावलेली होती, तिची मी किती चित्रं काढली याचा हिशेब नाही. दुसरी पाळी नसेल तेव्हा घरी येईपर्यंत गुलबक्षी उमलायला लागलेली असायची. ती अर्धवट उमललेली असतानाच पकडायची. पहिल्या दोन रेघांपर्यंत डोक्यात दिवसभराचं काम घोळत असतं. तिसऱ्या-चौथ्या रेघेला ते सुटतं, खांदे खाली येतात, हे मला इतक्या वर्षांत एकदाही चुकलेलं आठवत नाही. चित्र चांगलं येतं की वाईट याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

दापोडीत राहत असतानाच एका वाचनालयात मला कळलं, की एकोणिसाव्या शतकात याच दापोडीत सरकारी वनस्पती उद्यान होतं. डॉ. अलेक्झांडर गिब्सन त्याचे अधीक्षक असताना एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराने तिथल्या झाडाफुलांची रंगीत चित्रं काढली. ती आज एडिनबर्गच्या वनस्पती उद्यानात आहेत, चित्रकाराचं नाव मात्र कुठे नोंदलेलं नाही. त्याचं काम शास्त्रीय, बारकाईचं. माझ्या जॉबकार्डांची त्याच्याशी तुलना मी करणार नाही. पण त्या हवेत, त्याच मातीतल्या फुलापुढे कोणीतरी पेन्सिल घेऊन बसलं होतं, हे कळल्यापासून त्या माणसाबद्दल मला घरच्यासारखी माया वाटते.

२००९ साली पत्नीला लसिकाग्रंथींचा कर्करोग निघाला. उपचार लांबले. रुग्णालयाच्या आवारात बाकाशेजारी सदाफुलीचा वाफा होता. आत औषध चढत असे तेव्हा मी बाहेर तिथे बसायचो. देठ, तोंड, मधला गडद ठिपका, पाच पाकळ्या. परत देठ. एका दिवशी वही बघून तिथल्या सिस्टर म्हणाल्या, “काका, आत जे व्हिंक्रिस्टिन चाललंय ना, ते याच झाडातून शोधलेलं आहे.” मी बराच वेळ त्या वाफ्याकडे बघत राहिलो. (कोणी याची पानं चावून खाऊ नयेत. ती विषारी असतात, औषध त्यातून वेगळं काढून, मोजून द्यावं लागतं.) पत्नी बरी झाली. ती वही तिने स्वतःच्या कपाटात ठेवलीय, मलाही सहज देत नाही.

उपचार संपल्यावर आम्ही दोघं सरांना भेटायला गावी गेलो होतो. सर तेव्हा खूप थकले होते. त्यांनी वही मांडीवर घेतली आणि एकेक पान बोटाने चाचपत उलटलं. कौतुक वगैरे काही केलं नाही. एका चित्रापाशी थांबून म्हणाले, “अरे, हा देठ तू बघून काढलायस.” बाकीचे मी सवयीने काढले होते, हे त्यांनी न सांगताही मला समजलं. सर आता नाहीत.

शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या बैठकीला जूनमध्ये आलो तेव्हा शेडच्या जागी नव्या इमारतीचा जिना दिसला. फाटकाजवळचा पांढरा चाफा मात्र आहे. बैठक सुरू व्हायला वेळ होता, म्हणून त्याच्या पारावर बसून एक फूल काढलं. तेच या मजकुरासोबत देतोय. दोन मिनिटांना थोडा कमीच वेळ लागला असेल. तिसऱ्या पाकळीवर पावसाचा थेंब पडून शिसं पसरलंय आणि देठाची एक चुकलेली रेघ बरोबर रेघेच्या शेजारी तशीच आहे. स्मरणिका समितीला विनंती, छापताना ती पुसू नये.