शाफ्ट बाहेर काढला तेव्हा

१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस मासेमारी बंद. पुण्यातले मित्र म्हणतात मज्जा आहे तुमची, दोन महिने सुट्टी. कसली सुट्टी हो, उलट सगळी कामं तेव्हाच. हर्णैचं बंदर उघड्यावर, त्यामुळे पावसाच्या तोंडावर बोटी आंजर्ल्याच्या खाडीत येतात. आमचीही उधाणाच्या भरतीला वर घेतली, ओंडके लावून उभी केली, वरून प्लास्टिक टाकून शाकारली, आणि मी चार दिवसांची रजा टाकून गावी आलो कारण या वर्षी शाफ्ट, म्हणजे इंजिनाला पाण्याखालच्या पंख्याशी जोडणारा दांडा, काढायचाच असं बाबांनी ठरवलं होतं.

तसं कारणही होतं. मार्चपासून बोट थरथरायची. ठराविक आरपीएमला गेलं की चहाचा ग्लास फळीवरून चालत चालत कडेला यायचा. तांडेल, म्हणजे बोटीवरचा प्रमुख, म्हणाला पंखा वाकलाय, ड्रायव्हर म्हणाला शाफ्टला आधार देणारा बुश गेलाय, आणि एका मेकॅनिकने इंजिनाचे फाउंडेशन बोल्ट टाइट करून पैसे घेतले. थरथर आहे तिथेच.

शाफ्ट काढणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. आधी सुकाणू उतरवायचं कारण ते बरोब्बर वाटेत येतं. शाफ्ट उतरता असतो, त्यामुळे मागे ओढला की टोक जमिनीत रुततं, म्हणून बोटीच्या मागे चिखलात खड्डा खणावा लागतो आणि तो खड्डा पावसाने तासाभरात भरतो, मग बालदीने पाणी उपसा. पंखा पुलर लावून काढला. पुलर नसला की लोक घण घालतात, माझा त्याला ठाम नकार, पंख्याचं भोक आणि शाफ्टचा निमुळता टेपर एकमेकांना घट्ट बसलेले असतात, त्यावर ठोकाठोकी केली की बैठकच बिघडते.

जस्ताच्या तुकड्याला रंग! मागच्या वर्षी बोट रंगवणाऱ्या पोराने त्या झिंकवर, म्हणजे जस्तावर पण लाल रंग मारून ठेवला होता. पितळी पंखा, स्टीलचा शाफ्ट आणि खारं पाणी, यात कुणीतरी झिजणारच, ते झिंकने झिजावं म्हणून तर तो लावायचा, आणि यांनी त्यालाच झाकून टाकलं. वर्षभरात कोपराही झिजला नव्हता. झिंक अर्धा संपलेला दिसला की समजायचं तो काम करतोय आणि आता बदलायचा. नवाकोरा दिसला तर घाबरायचं.

मग ग्लँड, म्हणजे शाफ्टभोवती दोरी कोंबून बाहेरचं पाणी अडवतात ती जागा. जुन्या पॅकिंगच्या दोरीचे तीन वेढे हुकाने ओढून काढले, बाबा म्हणाले चार घातले होते. टॉर्च मारून बघतो तर चौथा तळाला कोळशासारखा कडक होऊन बसलेला. बरेच जण तो तसाच ठेवून वरून नवी दोरी कोंबतात. अर्ध्या तासाने निघाला एकदाचा.

आणि मग शाफ्ट बाहेर आला, पुसला, आणि ग्लँडच्या जागेवर मी नख फिरवलं तर नख अडकलं. गोल चर. बाजूबाजूला तीन.

बाबा काही बोलले नाहीत, पण मला आठवलं. दिवाळीत मी बोटीवर गेलो होतो, ग्लँडमधून पाणी ठिबकताना बघितलं आणि स्पॅनर घेऊन दोन आटे आवळून मोकळा झालो. पाणी बंद! किती शहाणा मी. अरे ते पाणीच तर पॅकिंगला थंड ठेवतं. चालू असताना मिनिटाला काही थेंब पडायलाच हवेत, कोरडं केलं की दोरी जळते, कडक होते आणि शाफ्ट खाते. इंजिनिअरिंगची डिग्री घरात भिंतीवर लावलीय.

स्टर्न ट्यूबच्या, म्हणजे शाफ्ट ज्या नळीतून बोटीबाहेर जातो तिच्या, आत राहणाऱ्या भागावर आणखी एक गंमत, टाचणीने टोचल्यासारखे खड्डे. स्टील स्टेनलेस असलं तरी त्याला हवा लागते, ट्यूबमध्ये पाणी महिनोन्महिने साचून राहिलं की तिथे ते आतून किडतं आणि बाहेरून अगदी चकाचक दिसतं. म्हणून म्हणतो, नुसतं पंखा हलवून बघून ‘ठीक आहे’ म्हणू नका.

वाक बघायला लेथवर डायल गेज लावला तर शाफ्ट सरळ निघाला. लेथवाला म्हणाला चर वेल्डिंगने भरून कातून देतो. बाबा नको म्हणाले, वेल्डिंगच्या उष्णतेने शाफ्ट वाकतो. नवीनच घेतला, खर्च सांगत नाही, आई वाचते हे. मागचा रबरी बुश पण ढिला होता, तोही बदलला. तो पाण्यावरच चालतो, त्याला ग्रीस लावायचं नाही, रबर खराब होतं, बसवताना साबणाचं पाणी पुरतं. नव्या दोरीचे चार वेढे वेगवेगळे तिरके कापले आणि प्रत्येकाचा सांधा वेगळ्या बाजूला ठेवला.

तरी थरथरीचं कारण सापडलंच नव्हतं. ते परवा बोट पाण्यात ढकलल्यावर सापडलं. गेल्या वर्षी अलाइनमेंट, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणायचं काम, बोट जमिनीवर असतानाच करून घेतलं होतं, आणि लाकडी बोट पाण्यात गेली की फुगते, अंग बदलते. या वेळी दोन दिवस तशीच तरंगू दिली, मग इंजिन आणि शाफ्ट जिथे जोडतात त्या कपलिंगमध्ये चारी बाजूंनी फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घातला. कपलिंग ५ इंची, म्हणजे फटीतला फरक फार तर ५ थाउ (इंचाचे हजारावे भाग) चालतो. आमचा वरच्या बाजूला १८. इंजिनाखालचे पत्रे कमीजास्त करत दुपार गेली, शेवटी ४ वर आलं.

संध्याकाळी खाडीतच एक चक्कर मारली. ग्लास जागच्या जागी. मी खाली उतरून ग्लँडवर हात ठेवला, कोमट होता.

वरून बाबांचा आवाज, "थेंब किती?"

"आठ."

"असूदे. हात लावू नको."