बिलीकाकाची हातशिल्लक

गेल्या डिसेंबरात बाबा पहिल्यांदाच हिवाळ्यात आमच्याकडे आले. अमेरिकेतल्या रॉचेस्टरचा हिवाळा म्हणजे काय, हे फोनवर कितीही सांगितलं तरी त्यांना पटत नव्हतं. ओंटारिओ सरोवरावरून ढग आले की रात्रीत इतका बर्फ पडतो की सकाळी गाडी फावड्याने शोधून काढावी लागते. चार दिवस त्यांनी कौतुकाने खिडकीतून पाहिलं, पाचव्या दिवशी कंटाळले. नेमकं त्याच दिवशी शेजारच्या आजींचं बोलावणं आलं: संध्याकाळी सिनेमा बघायला या, वडिलांनाही आण.

आजी ऐंशीच्या पुढच्या. बाबांना त्या पहिल्या भेटीपासून सरळ नावाने हाक मारतात. आईनेसुद्धा आयुष्यात कधी मारली नाही, त्यामुळे बाबा दर वेळी दचकतात आणि मग पटकन सावरून बसतात.

त्यांच्याकडे अजून व्हीसीआर आहे. एक नव्हे, दोन. दुसरा सुट्या भागांसाठी. 2016 मध्ये नवे व्हीसीआर बनणं बंद झालं तेव्हाच त्यांनी तो जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणून ठेवला. आणि कॅसेट एकच, दर ख्रिसमसला लागणारी. तिच्या कडेला त्यांच्या दिवंगत यजमानांच्या अक्षरात लिहिलंय, ‘ख्रिसमस. पुसू नये.’

सिनेमा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’. फ्रँक काप्राचा, 1946 चा, कृष्णधवल. इथे डिसेंबरात तो न पाहिलेला माणूस सापडणं कठीण, पण मूळ प्रदर्शनात तो तोट्यात गेला होता. मग घरोघरी पोचला कसा? कुणीतरी एक अर्ज भरायला विसरलं म्हणून. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे 28 वर्षांनी स्वामित्वहक्काचं नूतनीकरण करावं लागे. 1974 मध्ये ते राहून गेलं आणि टीव्ही चॅनेलांना दोन तास दहा मिनिटांचा सिनेमा जवळपास फुकटात मिळाला. मग काय, डिसेंबर आला की जो तो हाच लावायचा. पुढे 1990 च्या दशकात मूळ कथेच्या आणि संगीताच्या हक्कांचा आधार घेऊन त्यावर पुन्हा मालकी सांगितली गेली, तेव्हा ही चंगळ संपली. आजींची कॅसेट त्याआधीची, टीव्हीवरून घरीच भरलेली.

जाहिराती येऊ नयेत म्हणून यजमान रिमोट घेऊन बसले होते. एकदा त्यांचा डोळा लागला. त्यामुळे मधेच गालिच्याच्या दुकानाची जाहिरात येते, आणि सिनेमातल्या संवादांइतकीच तीही आजींना पाठ आहे. चित्राच्या खालच्या कडेला एक पांढरी पट्टी थरथरत राहते. बाबांनी विचारलं, “रंग उडालाय का गं?” मी म्हटलं, मुळात नव्हताच. बर्फ दिसला की आजी मात्र दर वेळी हसतात, कारण तो खोटा. चित्रीकरण कॅलिफोर्नियात, ऐन उन्हाळ्यात. त्याआधी सिनेमात बर्फ म्हणून रंगवलेले कॉर्नफ्लेक्स पसरायचे. पायाखाली ते इतके कुरकुरायचे की संवाद नंतर पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागत. इथे आग विझवायच्या फेसात साबण-पाणी मिसळून फवारलंय.

पहिला अर्धा तास बाबा सोफ्यावर शिष्टाचाराने बसून होते. जॉर्ज बेली या तरुणाला जग बघायचंय, पण वडील गेल्यावर त्यांची ‘बिल्डिंग अँड लोन’ त्याच्या गळ्यात पडते. मी हळू आवाजात भाषांतर करत होते. ही संस्था म्हणजे काय ते सांगायला लागले, “सभासदांच्या ठेवी घ्यायच्या, त्यातून सभासदांनाच घरासाठी...” बाबांनी मला हातानेच थांबवलं. “अगं, पतसंस्था आहे ही!”

कराडजवळच्या एका पतसंस्थेत बाबांनी 31 वर्षं काढली, आधी रोखपाल म्हणून, मग लेखापाल म्हणून. तिथून पुढे त्यांना भाषांतर लागलं नाही.

मग तो प्रसंग येतो. मंदीचे दिवस, अफवा पसरलेली, संस्थेच्या दारात सभासदांची झुंबड. गावातला धनदांडगा पॉटर डॉलरला पन्नास सेंट देऊन त्यांचे हिस्से विकत घ्यायला टपलेला. जॉर्ज लोकांना समजावतो की तुमचे पैसे तिजोरीत नाहीत, ते शेजाऱ्याच्या घरात आहेत, त्याचे आणखी कुणाच्या. तरी एकजण आपले सगळे 242 डॉलर मागतोच. मग मधुचंद्रासाठी ठेवलेले 2,000 डॉलर बायको पुढे करते आणि त्यातून ज्याला जेवढी नड तेवढं वाटप सुरू होतं. एक बाई फक्त साडेसतरा मागते. संस्था बंद करायच्या वेळी दोन डॉलर उरतात.

बाबा पुढे सरकून बसले होते. दोन डॉलर उरले तसे स्क्रीनकडे बघतच बोलायला लागले. दुसऱ्याच कुठल्यातरी संस्थेचं काहीतरी कानावर आलं आणि एका सोमवारी त्यांच्याही दारात रांग लागली होती. चेअरमन स्वतः पासबुक घेऊन रांगेत उभे राहिले, पैसे काढायला नव्हे, भरायला. सगळ्यांना दिसेल असे. “आणि मी त्या दिवशी नोटा तीन-तीनदा मोजल्या. बोट ओलं करून. प्रत्येक बंडल. तेवढाच वेळ जायला हवा होता. पाचला शटर ओढलं तेव्हा बोटाची साल निघाली होती.” मी तेव्हा शाळेत असेन. त्यांनी हे घरी कधी सांगितलं नव्हतं. आजींना मी इंग्रजीत सांगितलं, तर त्यांनी कॅसेट थांबवून बाबांचं बोट बघायला मागितलं.

जॉर्जच्या बिलीकाकावर मात्र बाबांनी जराही दया दाखवली नाही. संस्थेचे 8,000 डॉलर बँकेत भरायला गेलेला हा काका पॉटरला टोमणे मारायच्या नादात पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळतो आणि ते पॉटरच्याच हातात देतो. तेही नेमकं ख्रिसमसच्या आदल्या दिवशी, तपासणीस दप्तर तपासायला आलेला असताना. “खिडकीवर रोख असताना गप्पा मारणारा माणूस रोखपाल ठेवायचाच नाही,” बाबा म्हणाले. त्यानंतर देवदूत येतो, आपण जन्मलोच नसतो तर गावाचं काय झालं असतं ते जॉर्जला दिसतं, वगैरे. तो भाग त्यांनी शांतपणे चहा पीत पाहिला.

जॉर्ज शुद्धीवर येतो, बर्फातून घराकडे धावत सुटतो आणि खट्ट. कॅसेट संपली. दोन तासांच्या कॅसेटवर दोन तास दहा मिनिटांचा सिनेमा कसा मावणार? व्हीसीआर आपोआप रिवाइंड करायला लागला आणि त्या घरघरीवरच आजींनी उरलेला शेवट सांगायला घेतला. गेली कित्येक वर्षं असंच चालतं म्हणे. पूर्ण सिनेमा त्यांनी दहादा पाहिलाय, पण या कॅसेटचा शेवट तोंडीच. आधी यजमान सांगायचे, आता त्या. गावकरी टोपलीत पैसे आणून ओततात. लंडनहून जुन्या मित्राची तार येते, 25,000 डॉलरपर्यंत उचल घे. अटक करायला आलेला अधिकारी वॉरंट फाडतो. तपासणीससुद्धा खिशातून नोट काढून टाकतो. झाडावरची घंटी वाजते, म्हणजे देवदूताला पंख मिळाले.

बाबा मान डोलावत ऐकत होते. मग मला म्हणाले, “विचार त्यांना, पावत्या कोणी फाडल्या?”

आजींना प्रश्नच कळेना.

“आणि ज्याचं दप्तर तपासायचं त्यालाच तपासणीसाने वर्गणी दिली? बरं, तो पॉटर? त्याचं काय झालं?”

काहीच नाही, आजी म्हणाल्या. कुणाला कळतच नाही.

घरी येताना बाबा पाय जपून टाकत होते, पण लक्ष बर्फावर नव्हतं. सकाळी उठले तर स्वयंपाकघराच्या टेबलावर विजेच्या बिलाचं पाकीट उलटं करून मधे रेघ मारलेली. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. वर्गणीपुढे प्रश्नचिन्ह. 25,000 पुढे कंसात ‘उचल, देणगी नव्हे. व्याजदर?’ मी म्हटलं, बाबा, पूर्ण सिनेमा फोनवर आहे, शेवटची दहा मिनिटं दाखवते.

“नंतर बघू,” चष्मा पुसत ते म्हणाले. “आधी पॉटरकडचे आठ हजार कुठल्या खात्यावर टाकायचे ते सांग.”