शिवणवही : सातवा कुर्ता, आणि पुढची कड वर का जात होती

काल रात्री सातव्या कुर्त्याचा मांजरपाटाचा, म्हणजे कोऱ्या सुती कापडाचा, तिसरा नमुना अंगात घातला आणि बगलेपासून छातीकडे ओढली जाणारी ती तिरकी सुरकुती पहिल्यांदाच दिसली नाही. दोन वर्षं मी तिच्या मागे आहे. त्यामुळे आजची नोंद जरा लांबणार.

माझ्यासारखा बांधा असलेल्या मैत्रिणींसाठी मापं परत लिहिते. छाती-पोट भरलेलं, कमरेला खाच अशी नाहीच, सीट बेताची आणि पाय सडपातळ. वरची छाती, म्हणजे टेप बगलेतून वर धरून घेतलेलं माप, ३८ इंच. भर छाती ४३. छातीच्या खाली ३७. पोट ४३, सीट ४१, शोल्डर साडेचौदा, दंड १५. ही सात मापं मी वहीच्या पुठ्ठ्यावरच लिहून ठेवली आहेत आणि दर तीन महिन्यांनी नव्याने घेते. घेताना रोजची ब्रा घालून, सरळ उभी राहून आणि पोट आत न ओढता. पोट ओढून घेतलेल्या मापाचा कुर्ता खुर्चीत बसल्यावर दुखतो.

तयार कुर्ता घ्यायला गेलं की छातीच्या मापावर घ्यावा लागतो, म्हणजे ४४ चा. त्याचं शोल्डर सोळाच्या आसपास भरतं. माझं साडेचौदा. दोन्हीकडे पाऊण पाऊण इंच खांदा उतरतो, मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, कोपराकडे लोंबतो, गळा सुटून पुढे झुकतो, आणि आरशात दिसते ती आपल्या अंगापेक्षा दोन मापं मोठी बाई. मग कुणीतरी सांगतं, बाजूने टीप मारून घ्या. गावातल्या एका शिंप्याने मला चार कुर्ते तसे करून दिले. चारही छातीवर आवळले आणि खांदे होते तिथेच लोंबत राहिले. त्या चार कुर्त्यांचं कापड इतकं चांगलं होतं की अजून हळहळ वाटते.

मशीन हाती घेतलं ते त्यानंतर. पायमशीन सासूबाईंचं. २०१९ च्या पुरात आमच्या तळमजल्यावर पाणी आलं तेव्हा ते माळ्यावर होतं, म्हणून वाचलं. आईंनी ते मला देताना एकच सांगितलं, "आधी खांदा बसव गं, बाकीचं कापड आपोआप खाली येतं." तेव्हा मला वाटलं, त्या हे चोळीबद्दल बोलतायत. आता कळतं की आमच्या बांध्याच्या सगळ्या कपड्यांचं मूळ तिथंच आहे. कपडा वरच्या छातीच्या मापाने कापायचा आणि लागणारी जास्तीची जागा फक्त पुढच्या भागात, नेमकी छातीपाशी उघडायची. पाठीला ती लागत नाही, खांद्याला लागत नाही, मुंढ्याला तर अजिबात नाही.

पाचवा कुर्ता

इथं चूक झाली आणि तिच्यातूनच सगळं उलगडलं, म्हणून सविस्तर लिहिते.

बहुतेक कागदी पॅटर्न वरची छाती आणि भर छाती यांत दोन इंचांचा फरक धरून आखलेले असतात. माझा फरक पाच इंच. म्हणजे मी ३८ वरच्या छातीला जुळणारा ४० चा पॅटर्न घेतला की तीन इंच कमी पडतात. पुढच्या भागाच्या अर्ध्या पॅटर्नवर काम करायचं असल्याने त्यात दीड इंच उघडायचं.

करायचं असं. पुढच्या भागावर छातीचा बिंदू मांडायचा. पॅटर्न अंगाला लावून, आरशात बघून, खडूने. तिथून एक रेघ सरळ खाली कडेपर्यंत. दुसरी रेघ त्याच बिंदूपासून वर, मुंढ्याच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात. तिसरी बाजूच्या शिवणीपासून बिंदूपर्यंत आडवी. पहिल्या दोन रेघा कापायच्या, पण मुंढ्यापाशी शिवणीच्या रेघेवर दोऱ्याएवढा कागद जोडलेला ठेवायचा, म्हणजे तो बिजागरीसारखा फिरतो. तिसरीही बाजूकडून बिंदूपर्यंत कापायची आणि तिथंही तेवढीच बिजागरी. मग खालचे दोन तुकडे दीड इंच दूर सरकवायचे, दोन्ही कडा एकमेकींना समांतर. बाजूची रेघ आपोआप फाकते. तो झाला टक, म्हणजे दुमडून शिवायची चिमूट. खाली कागद चिकटवायचा. टकाचं टोक बिंदूपर्यंत न्यायचं नाही. भरलेल्या छातीला दीड इंच अलीकडे थांबवायचं, नाहीतर छातीवर टोक उभं राहतं.

इथवर मी बरोबर केलं होतं. कागद सरकवल्यावर बाजूचा तुकडा मधल्या तुकड्यापेक्षा सव्वा इंच खाली लोंबायला लागला. मला वाटलं, हे सरकवताना वाकडं झालं. मी कात्री घेऊन तो सव्वा इंच उडवला आणि कड सरळ केली. शिवताना टक घातल्यावर पुढची बाजू मागच्यापेक्षा आखूड भरली. तेव्हाही शंका आली नाही. मागचा भाग कापून जुळवला.

कुर्ता घालून मिरजेला भाचीकडे गेले. तिने पायऱ्यांवर बाजूने एक फोटो काढला. फोटोत मागची कड गुडघ्याखाली आणि पुढची गुडघ्याच्या वर. समोरून हे दिसतच नाही. आरशात आपण नेहमी समोरून बघतो ना. त्या दिवसापासून मी बाजूने बघितल्याशिवाय कुठलाही कपडा पसंत करत नाही.

कारण साधं होतं. कापड खांद्यावरून निघतं, छातीवरून चढून जातं, मग पोटावरून, आणि मग खाली येतं. त्या चढण्यात लांबी खर्च होते. मागे सरळ उतार, तिथं काही खर्च नाही. तो लोंबलेला सव्वा इंच म्हणजे कापडाला छातीवर चढायला लागणारी लांबीच होती, आणि मी ती कापून टाकली. करायचं होतं उलटं: मधला तुकडा आडवा कापून तेवढाच खाली सरकवायचा, म्हणजे कड जुळते आणि मधे लांबी मिळते. ज्यांचे तयार कुर्ते पुढून वर जातात त्यांनी एकदा बाजूने फोटो काढून बघा. तो पोटाचा दोष नसतो, लांबीचा हिशोब चुकलेला असतो.

आणखी एक. उभी रेघ कडेपर्यंत उघडल्यामुळे दीड इंच पोटावरही मिळतो. ज्यांची कंबर बारीक आहे त्यांना तो बाजूने कमी करावा लागतो. आपण तसाच ठेवायचा. आपल्या बांध्याला ही रीत जास्त सोपी पडते.

सहावा कुर्ता

याबद्दल थोडक्यात. रेयॉन, छातीखाली जोड आणि खाली ए-लाइन, म्हणजे खाली रुंद होत जाणारा घेर. या कापणीला एम्पायर कट म्हणतात, नेपोलियनच्या काळातल्या फ्रेंच झग्यांवरून. आमच्या अंगात सगळ्यात बारीक जागा छातीखालीच असते, माझी ३७ ची. तिथं जोड दिला की नजरेला तीच कंबर वाटते आणि पोटावरून कापड मोकळं खाली जातं. अट एकच, जोड खरोखर छातीच्या खाली हवा. माझा अर्धा इंच वर चढला आणि छातीवर आडवी रेघ उमटली. उसवला, पुन्हा लावला. जोडाला चुण्या घेऊ नका. सपाट पॅनेल किंवा कळ्या घ्या, चुण्या पोटावर फुगतात.

ए-लाइनचा घेर तिरक्या धाग्यावर येतो, म्हणून कड मुडपण्याआधी कुर्ता एक रात्र हॅंगरला टांगला. सकाळी दोन्ही बगलांखाली कड पाऊण इंच उतरली होती. ती सारखी करून मगच हातशिलाई केली.

सातवा कुर्ता : अंगरखा

आता चालू असलेलं काम. खांद्यावरून तिरका जाणारा आणि बगलेखाली बंदाने बांधायचा अंगरखा मला फार दिवसांपासून शिवायचा होता. गळा आपोआप व्ही होतो, पदरावर पदर आल्याने तिरकी रेघ मिळते, आणि बंद बरोबर छातीखाली बांधला जातो. ही कापणी आपल्याकडे केव्हापासून आहे आणि आपण मात्र कंबरेवर इलॅस्टिक घातलेले टॉप घेत बसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कापडासाठी कापड पेठेत तीन शनिवार गेले. दुकानातले काका म्हणाले, "ताई, डार्क घ्या की, बारीक दिसतंय." मी हळदीच्या रंगाचं मऊ मल-कॉटन घेतलं, पन्हा (कापडाची रुंदी) ४४ इंच, साडेतीन मीटर. गडद रंगाला माझा विरोध नाही, पण खांदा उतरलेला काळा कुर्ता उतरलेलाच दिसतो, आणि मापात बसलेला पिवळा नीट दिसतो. रंगापेक्षा कापडाची पडण महत्त्वाची. बोटावर लोंबकळवून बघायचं: टोपीसारखं उभं राहिलं तर आपल्यासाठी नाही, पाण्यासारखं खाली पडलं तर घ्यायचं. कडक सुती घ्यायचंच असेल तर उभ्या पट्ट्यांचं आणि पॅनेल पाडून.

कापण्याआधी कापड रात्रभर पाण्यात. सुती कापड आटतं, आणि शिवल्यावर आटलं तर सगळ्यात आधी छातीवर कळतं. माझं साडेतीन मीटर सुकल्यावर तब्बल चार इंच कमी भरलं.

नमुने तिन्ही मांजरपाटाचे. इचलकरंजीच्या मागांवरचं कोरं कापड इथं सहज मिळतं आणि स्वस्त पडतं, त्यावर बिनधास्त खडू चालवता येतो. पहिल्या नमुन्यात मुंढा घट्ट झाला. दुसऱ्यात तिरका गळा सुटला, वाकलं की आतलं दिसायचं. भरलेल्या छातीला अंगरख्याचा हा ठरलेला त्रास. यावर दोन उपाय एकदम केले. गळ्याच्या कडेपासून छातीच्या बिंदूकडे जाणारी अर्ध्या इंचाची चिमूट कागदावरच मिटवली, म्हणजे शिवलेल्या कापडात टक दिसत नाही. आणि गळ्याच्या तिरक्या कडेला आतून सुती फीत लावली, कडेपेक्षा पाव इंच आखूड. फीत ताणून न धरता कापड तिच्यावर हलकेच बसवत टीप मारायची. टीप मारून झाल्यावर गळा किंचित आत वळून छातीला टेकतो. हा क्षण मला फार आवडतो. नुसतं कापड तिथं अंगाचा आकार घेतं.

बाही कोपराखाली चार बोटं. आखूड बाहीची कड भर छातीच्या रेषेत येते आणि तिथलीच रुंदी वाढवते, म्हणून मी अर्धी बाही सोडली. दंड १५ असल्याने बाहीला दोन इंच सैल ठेवला. बाजूचा कट, म्हणजे चीर, मात्र नेहमीपेक्षा खाली, खांद्यापासून २४ इंचांवर सुरू केला. वर सुरू केला की पोटामुळे पुढचा पल्ला उघडा राहतो. लांबी गुडघ्याच्या दोन इंच खाली, जिथं पाय बारीक होतो. खाली घोट्यापर्यंतची सरळ, अरुंद पॅंट. आपले पाय चांगले आहेत, ते पटियाला सलवारीच्या चुण्यांत झाकायचे कशाला? कडेला तांबडा काठ लावणार आहे, नजर खाली उतरावी म्हणून. छातीवर नक्षी, खिसा, झालर काहीही नाही.

आपल्या बांध्यावर साडी नीट कशी बसवायची, असं काही जणींनी विचारलं होतं, तर दोन गोष्टी. ब्लाउज चार टकांचा न शिवता प्रिन्सेस कट किंवा कटोरीचा शिवा. भरलेल्या छातीचा आकार टकांत मावत नाही, शिवणीत मावतो. लांबी इंचभर वाढवा आणि मागचा गळा रुंद ठेवू नका, खांदा तिथूनच घसरतो. दुसरी परकराची. माझी जुनी इरकल नेसले की पोटावर गोळा यायचा. तो साडीचा नव्हता, नाडीच्या चुण्यांचा आणि गाठीचा होता. सहा कळ्यांचा, सपाट पट्टीचा परकर शिवला, नाडीची गाठ डाव्या बाजूला घेतली आणि निऱ्या चार इंचांच्या, पिनेने धरलेल्या. आई म्हणाल्या, "आता नेसलीस बघ." 

पुढच्या नोंदीत कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण, म्हणजे चोळीचं कापड. मावशीने दिलेल्या तुकड्याचा पन्हा जेमतेम ३१ इंच आहे आणि कापड कडक, त्यामुळे कुर्ता होणार नाही. पुढून उघडं, बिनबाह्यांचं लांब जाकीट करायचं ठरवलंय, दोन उभ्या कडांचं. पुढचा भाग, पाठ, सगळं एका पन्ह्यात कसं बसवायचं हे कागदावर मांडून बघतेय. कुणी अरुंद पन्ह्यावर असं जाकीट बसवलं असेल तर शोल्डर आणि भर छातीच्या मापासकट लिहा. पिवळं कापड इस्त्री करून टेबलावर पसरलंय, उद्या रविवार आहे, सकाळच्या उजेडात कापायला घेते.