लासलगाव, सातपूर, भांडीबाजार : जुन्या नोकऱ्यांची फेरी

निवृत्तीनंतर नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठून रिटायर झालात?" मी नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्याचं हिशेब खातं सांगतो आणि विषय संपतो. खरं तर ती नोकरी सगळ्यांत लांबली आणि तिच्याबद्दल सांगण्यासारखं सगळ्यांत कमी आहे. त्याआधी जे काय काय केलं ते पेन्शनच्या कागदावर कुठेच नाही. म्हणून डिसेंबरात ठरवलं, जुनी ठिकाणं एकदा फिरून यायची. आमची ही म्हणाली, "तिथे आता कोण ओळखणार तुम्हाला?" कुणी ओळखावं म्हणून मी निघालोच नव्हतो.

कांद्याचा लिलाव सकाळीच गाठायचा, म्हणून लासलगाव आधी. पासष्टी ओलांडल्यामुळे एसटीत अर्धं तिकीट. निफाडला खिडकी लावून घेतली तरी थंडी आत येत होती. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचं तापमान दर हिवाळ्यात पेपरात का येतं, ते त्या गारठ्यात बसल्यावर कळतं. पुढे विंचूर, मग लासलगाव.

बाजार समिती 1947 सालची. मी एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे कांदा निवडायच्या आवारात, लिखापढीला होतो तेव्हा बारदानात भरलेल्या गोण्यांच्या थप्प्या असायच्या. आता मोकळा कांदा भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी थांबतो, कुणीतरी कडेचा कांदा उचलतो, कुणी हात कोपरापर्यंत खुपसून तळातला काढतो. मान सुकली आहे का, पत्ती म्हणजे वरचं साल टिकलं आहे का, जोडकांदे किती, फुलाचा दांडा आलेले डेंगळे किती, हे सगळं पाहायला पोळी उलटायला लागतो तेवढाच वेळ. मग आकडा पुकारला जातो, चिठ्ठी हातात पडते आणि घोळका पुढे. शेतकऱ्याचे चार महिने त्या चिठ्ठीवर.

मीही सवयीने एक लाल कांदा उचलून मान दाबून पाहिली. ट्रॉलीवर बसलेले गृहस्थ म्हणाले, "काय बाबा, घ्यायचा का नुस्ताच दाबायचा?" मग गप्पा झाल्या. डिसेंबर 2023 मधली निर्यातबंदी त्यांना तारखेसकट पाठ होती. "उन्हाळ कांदा असता तर कांदाचाळीत टाकून वाट पाहिली असती. लाल कांद्याला थांबता येतं का?" लाल कांदा टिकत नाही, निघाला की विकावाच लागतो. मी खळ्यावर असतानाही भाव पडले की हेच चालायचं, फक्त तेव्हा मी वहीच्या बाजूला होतो. खळ्यावर गोल्टी म्हणजे बारीक कांदा वेगळा काढणाऱ्या बाया अजून तशाच उकिडव्या बसलेल्या. त्या कामाला यंत्रं आली आहेत म्हणतात, मला तरी दिसली नाहीत.

दुपारी परत नाशिक. सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून सिटीलिंकच्या शहर बसने सातपूर. पूर्वी शहर बसही एसटीच चालवायची आणि पहिल्या पाळीला उभ्याने जावं लागायचं. आयटीआय करून मी इथे लेथवर टर्नर होतो. ज्या शेडमध्ये उभा राहायचो तिथे आता गोदाम आहे. वॉचमनने आत सोडलं नाही आणि मी आग्रह केला नाही. समोरच्या टपरीवर चहा घेतला. शेजारी दोन पोरं सीएनसीच्या प्रोग्रॅमबद्दल बोलत होती, त्यातलं मला अर्धंच कळलं. पण एक जण "दोन थाऊ जास्त गेलं" म्हणाला तेव्हा चटकन मान वर केली. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.

संध्याकाळी भांडीबाजार. माझी पहिली कमाई इथली, शाळा सुटल्यावरची. काम भांड्यांवर नाव घालायचं. पितळी डबा मांडीत धरायचा, पोलादी टोचणीवर हलक्या हातोडीचे ठोके द्यायचे, ठिपक्याला ठिपका लागून अक्षर उमटतं. ठोका जोरात बसला तर पातळ पत्र्याला पोचा येतो. 'ळ' आणि 'क्ष' फार छळायचे. अक्षरामागे पैसे असल्याने गिऱ्हाईक मजकूर कापायचं. 'सप्रेम भेट'चं 'स. भेट' व्हायचं, मामांचं आडनाव गळायचं, पण मुलीकडच्या मंडळींना 'चि. सौ. कां.' पूर्ण हवंच असायचं. आणि ते बरोबरच होतं, भांडणात भांडं कोणाचं हे त्या ओळीवर ठरतं.

आता विजेवरची पेन्सिल आहे. दुकानातल्या मुलाने स्टीलच्या तांब्यावर एका दमात नाव घातलं, घर्रर्र आवाज करत. अक्षर सरळ आलं, वेलांटी मात्र तुटकी. मी बोललो तर म्हणाला, "काका, मग तुम्हीच घाला." घातली. हात किंचित हलला, पण वेलांटी मिळाली. त्याने पुढचा डबाही माझ्याकडे सरकवला, पैसे मात्र स्वतःच घेतले. धंदा असाच करायचा असतो.

पिंपळगाव बसवंतचं द्राक्षांचं पॅकहाऊस राहिलं. डिसेंबरात तिथे मणी भरायचेच असतात, रिकामी शेड बघून काय करणार? फेब्रुवारीत पेट्या भरायला लागल्या की ओझरवरून जाईन. ही सोबत यायचं म्हणते आहे, पण तिला द्राक्षं घ्यायची आहेत.