खोकं तेच, खर्च मात्र शंभरपट

नवीन गेमचा ट्रेलर आला रे आला की पहिला प्रश्न ठरलेला, ग्राफिक्स कसेत? खेळायला कसाय हे नंतर, विचारलंच तर.

आता साधं लाकडी खोकं घ्या. पूर्वी काय, चौकोनी डबा करायचा, त्यावर फळ्यांचं चित्र चिकटवायचं, झालं काम. आज तेच खोकं आधी लाखो पॉलिगॉनमध्ये (3D आकार ज्यांचा बनतो ते छोटे सपाट तुकडे) कोरायचं, खिळे, चिरा, कोपऱ्याचे टवके सगळं, मग त्याचं हलकं मॉडेल, मग यूव्ही (चित्र नीट बसावं म्हणून आकार सपाट उलगडणं), नॉर्मल मॅप (खाचाखळगे भासवणारं चित्र), ओलं झालं तर चमकणार कसं, फुटलं तर तुकडे कसे उडणार... आणि एवढं करून खोकं करतं काय? फुटतं, आतून गोळ्या निघतात. १९९८ च्या काळातही हेच करत होतं ना!

पैसा जातो तो हे सगळं कोरत बसणाऱ्या माणसांच्या तासांत. २०२३ मध्ये कोर्टाच्या कागदांतून बाहेर आलं की 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' या गेमला सुमारे २२ कोटी डॉलर लागले. एवढे ओतल्यावर वेगळं काही करून बघू म्हणायची कुणाची छाती होणार? मग निघतात सीक्वल आणि रिमेक. ('रेड डेड २' या गेममध्ये थंडीत घोड्याचे वृषण आकसतात, हेही कुणीतरी पगार घेऊन बनवलंय, मला आवडलं ते, खोटं कशाला बोलू.)

उलट पूर्वी अडचणीतूनच शक्कल निघायची. 'सुपर मारिओ ब्रदर्स' अख्खा ४० केबीत बसवायचा होता म्हणून ढग आणि झुडपं एकच चित्र, फक्त रंग वेगळा. 'सायलेंट हिल' या भीतीदायक गेमच्या वेळी प्लेस्टेशनला लांबचं शहर दाखवणं झेपेना म्हणून धुकं टाकलं आणि लोक त्या धुक्यालाच टरकले.

पण सगळा दोष टेक्नॉलॉजीवर ढकलणंही बरोबर नाही, कारण अनरिअल ५ या गेम बनवायच्या इंजिनमधल्या नॅनाइट (बारीक तपशील आपोआप सांभाळणारं), ल्युमेन (प्रकाश आपोआप पाडणारं) यांच्यामुळे बरंच किचकट काम वाचतं, फक्त मोठे स्टुडिओ तो वाचलेला वेळ परत आणखी चिरा कोरण्यात घालतात. २०२५ चा 'एक्सपेडिशन ३३' हा गेम त्याच इंजिनवर तीसेक जणांच्या मूळ टीमने केला, काही कामं बाहेरून करून घेतली, आणि दिसायला कुठेच कमी नाही. वर त्यात टर्न-बेस्ड, म्हणजे आळीपाळीने वार करायची लढाई, जिच्यावर पैसे लावताना बरेच मोठे पब्लिशर हात आखडता घेतात.