बोर्डावर जाण्याआधी: सहीपूर्वीचे आणि सहीनंतरचे कागद

इंदुरात चांगल्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्यांना आणि पीथमपूरचा कारखाना मुलांच्या हाती सोपवलेल्यांना कधी ना कधी फोन येतो, ‘आमच्या बोर्डावर या,’ म्हणजे कंपनीचे संचालक व्हा. कधी लिस्टेड कंपनी असते, कधी महापालिकेच्या मालकीची. रामबागेत त्या दिवशी पेढे वाटले जातात. वाटावेत, पण संचालक व्हायला संमती देणाऱ्या डीआयआर-२ या फॉर्मवर सही करण्याआधी कॉर्पोरेट मंत्रालयाच्या पोर्टलवर थोडी फी भरून कंपनीचे ताळेबंद, वार्षिक विवरणपत्रं आणि कर्जाचे बोजे बघून घ्या. सलग ३ वर्षं ताळेबंद किंवा विवरणपत्र न भरणाऱ्या कंपनीचे संचालक ५ वर्षांसाठी अपात्र ठरतात, आणि ही अपात्रता त्यांच्या इतर कंपन्यांमधल्या पदांनाही भोवते. ऑडिटरचा अहवाल मात्र शेवटच्या पानापासून वाचा. शेरे परिशिष्टात लपलेले असतात.

स्वतंत्र संचालक, म्हणजे कंपनीशी आर्थिक हितसंबंध नसलेला बाहेरचा संचालक, व्हायचं तर मानेसरच्या आयआयसीएच्या (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ कॉर्पोरेट अफेअर्स) डेटाबँकेत आधी नाव घालावं लागतं आणि २ वर्षांत ऑनलाइन परीक्षा देऊन ५० टक्के गुण मिळवावे लागतात. ठरावीक अनुभव असलेल्यांना परीक्षेतून सूट आहे, नाव घालण्यातून नाही. साहेबी केलेल्यांना ही परीक्षा अपमानास्पद वाटते. खरं तर तिच्या निमित्ताने कंपनी कायदा, २०१३ एकदा तरी वाचून होतो. केंद्रीय सेवेतल्या गट-अ अधिकाऱ्यांनी निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षात खासगी पद घ्यायचं तर सरकारची परवानगी आधी घ्यायची असते, मागाहून नाही.

पहिल्याच बैठकीत एमबीपी-१ हा फॉर्म भरून आपले हितसंबंध जाहीर करायचे, आणि पुढे दर आर्थिक वर्षाच्या पहिल्या बैठकीत पुन्हा. इथे गडबड होते ती नात्यांमुळे. कायद्याच्या ‘नातेवाईक’ व्याख्येत जावई येतो, सूनही येते. जावयाची फर्म कंपनीला माल पुरवत असेल तर नेमणुकीच्या आधीच कंपनी सेक्रेटरीला लेखी कळवा. सराफ्यावरच्या गप्पांत ते सगळ्यांना ठाऊक असणं कायद्याला पुरत नाही.

बैठका वर्षाला किमान ४, दोन बैठकांत १२० दिवसांपेक्षा जास्त अंतर नको, नोटीस ७ दिवस आधी. तातडीची बैठक कमी मुदतीत घेता येते, पण तिला एकही स्वतंत्र संचालक हजर नसेल तर निर्णय सगळ्यांकडे पाठवावा लागतो आणि एका तरी स्वतंत्र संचालकाने मंजुरी दिल्याशिवाय तो पक्का होत नाही. १२ महिन्यांतल्या सगळ्याच बैठका चुकवल्या तर पद आपोआप जातं, रजा मंजूर असली तरीही.

खरी मेख मिनिट्समध्ये, म्हणजे बैठकीच्या इतिवृत्तात आहे. बैठकीत तावातावाने विरोध केला आणि मिनिट्समध्ये ‘चर्चेनंतर एकमताने मंजूर’ असं आलं, तर तुमचा विरोध झालाच नाही. मसुदा १५ दिवसांत यायला हवा आणि हरकतीला ७ दिवस मिळतात. त्या ७ दिवसांत ईमेलने लिहा: ‘अमुक विषयावर माझी असहमती नोंदवावी, कारण...’ स्वतंत्र संचालकावर जबाबदारी येते ती त्याला बोर्डाच्या कामकाजातून कळलेल्या आणि त्याने संमती दिलेल्या किंवा दक्षता न पाळलेल्या गोष्टींची. म्हणून ८० पानांचा अजेंडा आदल्या रात्री आला, तर तो उशिरा आल्याचंही लिहून ठेवा.

महापालिकेच्या कंपनीत आणखी एक पेच असतो. स्मार्ट सिटी कंपन्यांत राज्य आणि महापालिका यांचा हिस्सा ५०:५०, त्यामुळे पालिकेचा अधिकारी एका खुर्चीतून काम देतो आणि दुसऱ्या खुर्चीतून घेतो. उद्योगातून आलेला संचालक नफ्याबद्दल विचारतो, सरकारातून आलेला मंजुरीबद्दल. देखभालीचं बजेट कुणी विचारतच नाही. केंद्राचं स्मार्ट सिटी मिशन ३१ मार्च २०२५ ला संपलं. कॅमेरे, सर्व्हर, सॉफ्टवेअरचे परवाने मात्र दर वर्षी पैसे मागतात. प्रत्येक मालमत्तेपुढे विजेचं बिल कोण भरतं, दुरुस्तीचा करार कधी संपतो आणि ती कागदोपत्री कुणाच्या नावावर आहे, हे तीन रकाने मागाच.

कर्जाचंही तसंच. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर महापालिकेने २४४ कोटींचे हरित रोखे (पर्यावरणपूरक कामासाठीचे कर्जरोखे) ८.२५ टक्के व्याजाने काढले, नर्मदाकाठच्या जलूदला ६० मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी, कारण नर्मदेचं पाणी तिथून उपसून आणायला वीज लागते. मागणी कित्येक पटींनी आली याचं कौतुक झालं, ते योग्यच. पण अशा प्रस्तावावर संचालकाने विचारायचं ते हे: वाचलेल्या विजेचे पैसे रोखेधारकांपर्यंत कोणत्या खात्यातून जाणार, आणि प्रकल्प लांबला तर व्याज कशातून?

सिटिंग फी, म्हणजे बैठकीला हजर राहण्याचं मानधन, कायद्याने जास्तीत जास्त १ लाख रुपये प्रति बैठक. इंदुरातल्या बऱ्याच कंपन्या त्याच्या जवळपासही जात नाहीत. पटलं नाही तर राजीनामा कारणांसह द्या आणि त्याची प्रत डीआयआर-११ या फॉर्मने ३० दिवसांत कंपनी रजिस्ट्रारकडे स्वतः नोंदवा. कंपनीने संचालक बदलल्याचं कळवणारा तिचा डीआयआर-१२ भरला नाही तरी रजिस्ट्रारकडे तुमची तारीख राहते. त्या तारखेआधीच्या गोष्टींची जबाबदारी मात्र राजीनाम्याने सुटत नाही.