शाळेचा नंबर आणि आमचं घर

आमची लेक आठवीत होती आणि सप्टेंबरच्या आत घर घ्यायचं होतं. न्यू जर्सीत सरकारी हायस्कूल सहसा पत्त्यावर ठरतं. ज्या हद्दीत राहता तिथली शाळा, त्यामुळे घर शोधणं आणि शाळा शोधणं हे आमच्यासाठी एकच काम होतं. त्यात 2022 च्या वसंतात घरांच्या बाजाराला ताप चढलेला. शनिवारी ओपन हाउस, रविवारी रात्रीपर्यंत ऑफर, सोमवारी घर हातचं गेलेलं.

मी एक्सेल शीट केली. घराची किंमत, वर्षाचा प्रॉपर्टी टॅक्स, नवऱ्याच्या ट्रेनचं स्टेशन, आणि सगळ्यात डावीकडे शाळेचा राष्ट्रीय क्रमांक. हा क्रमांक 'यू. एस. न्यूज अँड वर्ल्ड रिपोर्ट' या अमेरिकन वृत्त-संकेतस्थळाच्या हायस्कूलांच्या यादीतला. आमच्या ओळखीतले सगळे त्याच यादीवरून बोलायचे. "तुमच्या गावची शाळा कितवी?" हे कुणी विचारलं तर आम्हाला वावगं वाटत नाही. आमच्या लहानपणी दहावीची गुणवत्ता यादी पेपरात यायची, पेढा भरवतानाचे फोटो छापले जायचे. बोर्डाने पुढे ती यादी बंद केली, आमच्या डोक्यातून मात्र ती गेली नाही.

घरं दाखवणाऱ्या एजंट, म्हणजे रियल्टर बाईंना मी सरळ विचारलं, या दोनपैकी चांगली शाळा कुठली? त्या म्हणाल्या, "हे मी सांगू शकत नाही. आकडे तुम्हीच बघा." मला वाटलं, टाळतायत. नंतर कळलं की घरांच्या व्यवहारात भेदभाव होऊ नये म्हणून इथे कायदा आहे आणि 'चांगली शाळा' म्हणता म्हणता तिथे कोण राहतं हेच सुचवलं जातं, म्हणून एजंट या विषयावर तोंड उघडत नाहीत. ते ऐकल्यापासून माझ्या शीटमधला डावीकडचा रकाना मला टोचायला लागला.

शेवटी दोन गावं उरली. पहिल्याच्या शाळेचा क्रमांक तीनशेच्या जरा पुढे, दुसऱ्याच्या नऊशेच्या जरा अलीकडे. तेवढ्याच खोल्यांच्या घरात सव्वा लाख डॉलरचा फरक. नवरा म्हणाला, सहाशे नंबरांचा फरक आहे, कर्ज वाढवू. त्या रात्री मी यादीचं सूत्र वाचायला बसले. सव्वा लाख डॉलर ज्या आकड्यासाठी द्यायचे तो आकडा कसा बनतो, हे मला कळायलाच हवं होतं.

तीस टक्के वजन कॉलेजच्या तयारीला. म्हणजे बारावीतल्या किती मुलांनी एपी किंवा आयबीची (शाळेत असतानाच घेतलेल्या कॉलेजच्या पातळीच्या विषयांची) परीक्षा दिली आणि किती जण त्यात पास झाले. आणखी दहा टक्के अशा परीक्षा किती वेगवेगळ्या विषयांत दिल्या याला. म्हणजे शंभरातले चाळीस या एकाच गोष्टीवर. राज्याच्या परीक्षेतल्या निकालाला वीस, आणि मुलांची सामाजिक-आर्थिक स्थिती पाहता जेवढं अपेक्षित होतं त्याहून निकाल बरा की वाईट याला वीस. कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि गरीब घरांतल्या मुलांच्या निकालाला दहा, हायस्कूल पूर्ण करून बाहेर पडणाऱ्यांच्या प्रमाणाला दहा. शाळेत शिकता शिकता कम्युनिटी कॉलेजचे क्रेडिट घेणारी मुलं, नर्सिंग किंवा वेल्डिंगचा अभ्यासक्रम करणारी मुलं, यांना या सूत्रात जागाच नाही.

यादीत साधारण 18 हजार शाळा होत्या. तिथे तीनशेदहावी शाळा म्हणजे 98 टक्के शाळांच्या पुढे, आठशेऐंशीवी म्हणजे 95 टक्के शाळांच्या पुढे. मी नवऱ्याला उठवून हे दाखवलं. सहाशे नंबर म्हणून जे डोंगराएवढं दिसत होतं ते तीन टक्के होते. त्यातही राज्य-परीक्षेचे आकडे कोविडच्या आधीचे, कारण 2020 च्या वसंतात परीक्षा झाल्याच नव्हत्या. त्या निकालातली बहुतेक मुलं कधीच शाळा सोडून गेली होती.

वर कोण आहे तेही पाहिलं. त्या वर्षी पहिली होती व्हर्जिनियातली थॉमस जेफरसन, जिथे निवडूनच प्रवेश देतात. 2017 आणि 2018 मध्ये पहिली होती अ‍ॅरिझोनातली बेसिस स्कॉट्सडेल. तिथे एपीच्या परीक्षा देणं हा अभ्यासक्रमाचाच भाग. 2019 मध्ये यू. एस. न्यूजने सूत्र बदललं आणि पहिलं नावही बदललं. आमच्या न्यू जर्सीतून वर झळकणाऱ्या बर्गन काउंटी अकॅडमीज, हाय टेक्नॉलॉजी हायस्कूल यांतही आठवीतल्या मुलांना पारखून घेतात. पारखून घेतलेली मुलं आणि पत्त्यावरून आलेली मुलं एकाच रांगेत उभी करून पहिला-दुसरा ठरवायचा, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. शाळेने काय शिकवलं याच्याआधी तिच्या दारातून कोण आत आलं, हेच तिथे मोजलं जातं.

स्टॅनफर्डच्या शॉन रिअर्डन यांनी 2017 मध्ये शिकागोच्या सरकारी शाळांबद्दल मांडलेलं मी तेव्हाच वाचलं. तिथली मुलं तिसरी ते आठवी या पाच वर्षांत सहा वर्षांएवढं शिकत होती, पण सुरुवातच मागून असल्यामुळे सरासरी गुणांत ती मागेच दिसायची. हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते.

यादीवाल्यांचा हेतू वाईट होता असं मात्र मी म्हणणार नाही. जे मॅथ्यूज या पत्रकाराने 1998 मध्ये 'न्यूजवीक'मध्ये शाळांची यादी सुरू केली तेव्हा त्यांनी परीक्षेतले गुण नव्हे, मुलांनी अशा परीक्षा किती दिल्या तेच मोजलं. पूर्व लॉस एंजेलिसच्या गारफील्ड हायस्कूलमध्ये हाइमे एस्कालांते मेक्सिकन कामगारांच्या मुलांना कॅल्क्युलस शिकवत होते, ते मॅथ्यूजनी जवळून पाहिलेलं. मुलांना अवघड विषयाच्या वर्गात घ्यायलाच शाळा नाही म्हणतात, ही त्यांची तक्रार होती. ती किती खरी आहे ते मला पुढच्याच आठवड्यात कळलं.

आमच्या लेकीला डिस्लेक्सिया आहे. तिसरीपासून तिचा आयईपी आहे, म्हणजे तिला शाळेने कोणती मदत द्यायची याचा लेखी आराखडा. वाचायला तिला वेळ लागतो. पण जीवशास्त्राची आकृती एकदा पाहिली की ती विसरत नाही. मी दोन्ही शाळांकडे वेळ मागितली.

पहिल्या शाळेत लेकीची फाइल माझ्या मांडीवरच राहिली. "आमच्याकडे बहुतेक मुलं ऑनर्सला असतात," (म्हणजे विषयाच्या वरच्या पातळीच्या वर्गाला) असं सांगून तिथल्यांनी विचारलं, "तुमच्या मुलीला झेपेल का?" मी म्हटलं, सायन्समध्ये झेपेल. त्यावर उत्तर आलं की रिसोर्स रूममधल्या, म्हणजे वेगळी मदत घेणाऱ्या, मुलांना आम्ही सहसा ऑनर्सला घालत नाही, त्यांच्यावरच ताण येतो. शब्द गोड होते. गाडीत बसल्यावर लेक म्हणाली, "आई, त्यांनी माझं नाव पण नाही विचारलं."

दुसऱ्या शाळेत रिसोर्स रूमच्या बाई आम्हाला वर्गातच घेऊन गेल्या. त्यांच्या टेबलावर काचेच्या बरणीत रंगीत पट्ट्या होत्या. जाड कागदाच्या, लॅमिनेट केलेल्या, मधे एका ओळीएवढी खिडकी कापलेली. पानावर ठेवली की एकच ओळ दिसते. लेकीने काही न बोलता दप्तरातून स्वतःची काढली, चौथीपासून वापरलेली, कडा पिवळ्या पडलेली. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "ही बदलायला झाली. रंग निवड." मग त्यांनी फाइल पानापानाने वाचली. मी विचारलं, इंग्रजीला आधार आणि जीवशास्त्राला ऑनर्स, असं एकदम चालेल? "का नाही चालणार?"

घरी आल्यावर मी न्यू जर्सीच्या शिक्षण खात्याचे दोन्ही शाळांचे वार्षिक अहवाल उघडले. ते कुणालाही फुकट पाहता येतात आणि कुणी फारसं पाहत नाही. अपंगत्व असलेल्या मुलांपैकी किती जण हायस्कूल पूर्ण करून बाहेर पडतात, दहा टक्के किंवा त्याहून जास्त दिवस गैरहजर राहणारी मुलं किती, कोणत्या एपी विषयाला किती जण बसतात, सगळं वेगवेगळं दिलेलं असतं. मला हवं असलेलं जवळपास सगळं तिथे होतं. शीटमधला डावीकडचा रकाना मी पुसला आणि आम्ही दुसऱ्या गावात घर घेतलं.

सगळं छान झालं असं नाही. नववीत गणिताचे सर वर्षाच्या मधेच सोडून गेले आणि दोन महिने बदली शिक्षकांवर निघाले. मी गावच्या शाळांचा कारभार पाहणाऱ्या बोर्ड ऑफ एज्युकेशनच्या सभेत उभी राहून बोलले, आवाज थरथरत होता तरी बोलले. वाचनाच्या तासांवरून दरवर्षी आयईपीच्या बैठकीत झगडावं लागलं. एकदा वाचनाचा एक तास कमी करायचा प्रस्ताव आला, तो आम्ही सही न करता परत पाठवला.

अकरावीत तिने एपी बायॉलॉजी घेतलं. परीक्षेत जादा वेळ हवा असेल तर एपी परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाकडे वेगळी परवानगी मागावी लागते, शाळेचा आयईपी आपोआप चालत नाही. मे महिन्यातल्या परीक्षेसाठी जानेवारीच्या मध्यापर्यंत अर्ज जावा लागतो. मला हे माहीतच नव्हतं. डिसेंबरच्या सुट्टीआधी रिसोर्स रूमच्या त्याच बाईंचा फोन आला, कागद तयार आहेत, सहीला या.

जुलै 2025 मध्ये निकाल लागला. पाचपैकी तीन. तिने नाशिकला आजीला फोन लावला. आजीने विचारलं, "म्हणजे पास ना गं?" ती म्हणाली, "हो, आणि शेवटचा प्रश्न सोडवून झाल्यावर माझ्याकडे अकरा मिनिटं उरली होती."